पाच नंबरचा पांढरा

माणसाला गर्व कशाचा होईल याचा काही नेम नाही. कुणाला पोरांचा होतो, कुणाला आवाजाचा, कुणाला नुसत्या मिशीचा. या चौकटवाल्याला पांढऱ्या रंगाचा गर्व होता. दुकानात येऊन कुणी "पांढरा म्हणजे पांढरा, त्यात एवढं काय बघायचं?" असं म्हणालं, की त्याची तळपायाची आग मस्तकात जायची. मग तो खिळ्यावरची कडी काढून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा. कडीत किल्ल्या ओवाव्यात तशा पुठ्ठ्याच्या नऊ पट्ट्या. एक नंबरची सगळ्यात लख्ख, जवळजवळ निळसर. नऊ नंबरची दुधावरच्या सायीसारखी. "यातला पांढरा कुठला ते सांगा," तो म्हणायचा, आणि गिऱ्हाईक दर विचारायला लागायचं.

फोटो आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये खिडकी कापलेला जो रुंद पुठ्ठा असतो, त्याला माउंट म्हणतात. लोक फोटो बघतात, चौकटीचं लाकूड बघतात, माउंटकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो चुकला तर मात्र काहीतरी खटकत राहतं, आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही. त्यातून फोटो छापायच्या हल्लीच्या इंकजेट कागदांची तऱ्हाच वेगळी. चमक यावी म्हणून त्यांत काहीबाही मिसळलेलं असतं. दिवसाच्या उजेडात हा कागद नीळ दिलेल्या सदऱ्यासारखा पेटतो, आणि दुकानातल्या दिव्याखाली गरीब गाय होऊन बसतो. दिव्याखाली निवडलेला माउंट सकाळी त्याच्याशेजारी न घासलेल्या दातांसारखा दिसतो.

म्हणून चौकटवाल्याचा नियम होता. पांढऱ्याची जुळणी सकाळी दहा ते अकरा, उत्तरेच्या खिडकीत, दिवा बंद करून. फोटोच्या कडेचा कोरा कागद आणि पट्टी एकमेकांना भिडवून धरायची, डोळे बारीक करायचे, आणि ज्या पट्टीपाशी दोघांमधली रेघ नाहीशी होईल तो नंबर घ्यायचा. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो, "उद्या या, उजेडात बघू" हे ठरलेलं. त्यावरून बाजारात त्याला उजेडराव नाव पडलं होतं. त्याला ते कळलं तेव्हा राग येण्याऐवजी बरंच वाटलं.

दुकानात तो आणि त्याची बायको, दोघंच. कामाची वाटणीही तीस वर्षं तीच. नंबर निवडायचा आणि माउंट कापायचा त्यानं. चौकटीच्या पाठीला लागणाऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तारीख आणि नंबर लिहायचा तोही त्यानंच. मग सगळं तिच्याकडे सरकवायचं. काच पुसणं, फोटो बसवणं, मागून कागदी पट्टी लावून चौकट बंद करणं तिचं. तिची पट्टी कोपऱ्यात अशी बेतशीर दुमडलेली असे, की पाठ बघूनही चौकट या दुकानातली हे कळावं. त्याला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. चिकटवाचिकटवी कुणीही करतं, असं त्याचं मत होतं.

शेवटच्या काही वर्षांत त्यांच्यात एकाच गोष्टीवरून खटके उडायचे. दोन नंबरचे ताव संपायचे.

"दोन नंबर जातो कुठं? मी महिन्यात चारदासुद्धा काढत नाही."

"माझ्याकडून कापताना बिघडले दोन-तीन," ती म्हणायची.

"तुला कापायला सांगितलं कुणी?"

"चुकलं हो. मागवा अजून."

एकदा तर त्यानं दुकानात माणसं उभी असताना सांगितलं, "हिच्या हातात पुठ्ठा दिला, की त्याची माती झालीच म्हणून समजा." माणसं हसली. तीही हसली. "झालं का? पाडलात उजेड?" एवढंच म्हणून ती काच पुसत राहिली.

ती गेली त्याला सव्वा वर्ष झालं. आधी जेवण कमी झालं, मग अंगाला खाज सुटायला लागली. त्यानं खोबरेल तेल आणून दिलं. मग एक दिवस ती उठेना, तेव्हा त्यानं दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला फोन केला. मुलगी दारातच थबकली, आणि हातातली बॅगही खाली न ठेवता तिनं गाडी बोलावली. पोरगी पहिल्यापासून घाईचीच, असं त्याला वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले?"

"पिवळे कुठं आहेत?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी मुलीकडे बघितलं. मुलीनं खाली बघितलं. त्याला मात्र डॉक्टरांचीच कीव आली. असल्या दिव्यांखाली रंग कळतात होय? बाहेर उजेडात आणून बघा म्हणावं.

पित्ताच्या नळीत गाठ होती. दोन-तीन महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं त्यांनी सांगितलं. महिन्याभरात ती गेली. डॉक्टर सगळ्यांना असंच सांगतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि नवव्या दिवशी दुकान उघडलं.

आता चिकटवाचिकटवीही त्याच्याच गळ्यात आली. कुणीही करतं ते काम त्याला जमेना. पट्टीला सुरकुत्या पडायच्या, काचेआड केस राहायचा. तेवढ्यात एक उंच बाई आली. ती फोटो काढायची आणि स्वतःच छापायची. आधीही कधीमधी दुकानात यायची. तिनं पाकिटातून एक फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. खिडकीपाशी काच हातात धरून उभी असलेली त्याची बायको. "जायच्या चारेक महिने आधी काढला होता. नवीन कागद तपासायला म्हणून. काकू नको नको म्हणत होत्या." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं दिवा बंद केला आणि आयुष्यात केली नसेल इतक्या काळजीनं जुळणी केली. पाच नंबर. अशी रेघ मिटली, की कागद कुठं संपतो तेच कळेना. त्यानं माउंट कापला, स्वतः काच पुसली, चौकट बंद केली आणि घरी पलंगासमोर लावली. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या माणसांना चौकटी घातल्या, निदान हिला तरी नीट घातली, एवढं एक समाधान त्याला होतं.

पुढं त्याच बाईनं बावीस फोटोंचं काम आणलं. तिच्या आईच्या शेवटच्या वर्षाचे फोटो, प्रदर्शनासाठी. पांढरी चादर, पांढरी उशी, पांढरे केस. सगळा पांढऱ्याचाच खेळ. हे काम करायला आपल्याशिवाय कोण, असं म्हणत त्यानं पंधरा दिवस खपून बावीस चौकटी केल्या.

बाई आली. पहिली चौकट तिनं खिडकीत नेली, मग दुसरी, मग तिसरी.

"काका, माउंट पिवळा आहे."

"पाच नंबर आहे. याच खिडकीत जुळवलाय."

"नंबर नका सांगू. बघा ना तुम्ही. माउंटच्या पिवळ्यानं चादर निळी दिसतेय. आईचा चेहरा बघा कसा निळा पडलाय."

"बाई, माझे केस पांढरे झाले पांढरं बघण्यात."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. "या फोटोत माझी आई जिवंत होती, काका," ती म्हणाली. "तुमच्या चौकटीत ती मेलेली दिसते."

त्यानं हात जोडले. "मग न्या दुसरीकडे."

तिनं तिथंच बसून चौकटी उघडल्या आणि एकेक फोटो काढून घेतला. जाताना दारात थांबली. "तुमची मागची कामं बघूनच आले होते मी. ती कुणी केली होती?"

"मीच! दुसरं कोण करणार?" तो ओरडला.

प्रदर्शनात ते फोटो म्हणे चिमटे लावून नुसतेच टांगले होते. बावीस रिकाम्या चौकटी दुकानात भिंतीला टेकून राहिल्या. बाजारात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, त्यांच्याकडे सात-आठ महिन्यांपूर्वी लावलेले फोटो जरा मळकट वाटतात का म्हणून. चौकटवाला सगळ्यांवर डाफरायचा, घरी येऊन पलंगावर बसायचा आणि बायकोकडे बघत म्हणायचा, "लोकांच्या डोळ्यांना काय झालंय गं?"

मुलगी आली तेव्हा तो चहा कपाच्या बाहेर ओतत होता. तिनं काही विचारलं नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेत," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "सहा-सात वर्षं तरी चालू असणार. डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, निळं त्यातून दिसेनासं होतं, पण रोज इतकं थोडं, की माणसाला पत्ता लागत नाही. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरात आम्ही दोघंच होतो," तो म्हणाला.

उजवा डोळा आधी केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यानं पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर हात धुवायचं बेसिन. ते इतकं पांढरं होतं, की तो त्याच्यापुढून हलेना. मागची माणसं खोळंबली. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना." त्यानं उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं, मग डावा झाकून उजव्यानं. एकाच भांड्याचे दोन रंग.

मुलगी चार दिवसांनी परत गेली आणि तो दुकानात गेला. दहा वाजायची वाट बघितली. कडी काढली. गेली कित्येक वर्षं तो कारखान्यांना शिव्या देत होता, की मेले हल्ली सगळे पांढरे सारखेच करतात. आता नऊच्या नऊ पट्ट्या वेगळ्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. बाईनं जुळणीसाठी दिलेला कोरा कागदाचा तुकडा अजून फळ्याला टाचलेला होता. त्यानं त्याला पाच नंबर भिडवला. रेघ मिटली तर नव्हतीच. निळसर बर्फाशेजारी जुनं वर्तमानपत्र ठेवावं तसं दिसत होतं. बाई खरं बोलत होती. दातांचे डॉक्टर खरं बोलत होते. मग किती वर्षांची कामं चुकली? सहा? सात? शेकडो भिंतींवर त्याच्या नावानं पिवळे माउंट लटकत होते.

दुपारी कडी खिशात टाकून तो वाचनालयात गेला. तिथल्या वाचनखोलीत त्यानं चार वर्षांपूर्वी केलेले बारा फोटो होते, सगळे इंकजेटचे. मान खाली घालूनच आत गेला आणि मग हळूच वर बघितलं.

बाराही फोटो सुरेख होते. माउंट कागदाला असा मिळालेला, की नजर थेट फोटोत जात होती. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे चार वर्षांपूर्वी डोळा शाबूत होता! ती गेल्यावरच बिघडला, दुःखानं बिघडला. डॉक्टरांना काय कळतंय? तो तिथंच बाकावर बसला आणि स्वतःशी हसलाही. मग तारखेची खात्री करावी म्हणून त्यानं ग्रंथपालाला एक चौकट उतरवायला सांगितली.

पाठीवर त्याच्याच अक्षरात तारीख होती. चार वर्षांपूर्वीची. तारखेखाली त्याच्याच अक्षरात नंबर होता. पाच.

त्यानं चौकट उलटली. खिशातून कडी काढली, पट्टी काचेवर धरली. पुढचा माउंट पाच नंबरचा नव्हता. दोन नंबरचा होता. पुन्हा उलटली. कागदी पट्टी कोपऱ्यात बेतशीर दुमडलेली.

"आणखी एक उतरवता?" तो म्हणाला. ग्रंथपालानं उतरवली. पाठीवर पाच, पुढं दोन. तिसरीही तशीच. चौथी उतरवायला तो नको म्हणाला.

दोन नंबर जातो कुठं, याचं उत्तर भिंतीवर ओळीनं टांगलेलं होतं. तो जेवायला, पडायला घरी गेला, की ती त्याचा माउंट बाजूला ठेवून नवा ताव घ्यायची, त्याच्याच मापानं कापायची आणि चौकट बंद करायची. माती व्हायची ती तिच्या हातानं नव्हे. तरी चारचौघांत बोलणी तिनं खाल्ली. घरातल्या प्रत्येक फळीवर, डब्यांखाली, कपाटाच्या खणांत तिनं पुठ्ठ्याचे तुकडे अंथरले होते. ते सगळे पाच नंबरचे होते, हे त्याला घरी जाऊन एकेक डबा उचलल्यावर दिसलं. रोज तो त्यांच्यावरून चहाचा डबा काढत होता.

तिनं सांगितलं का नाही? एकदा तरी "अहो, तुम्हाला दिसत नाही" म्हणाली असती, तर त्यानं काय केलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आकाशपाताळ एक केलं असतं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाच्या घरात खरं बोलायचीही चोरी असते. त्याला पहिल्यांदाच स्वतःची मनापासून किळस आली.

मग तो पलंगावर बसला आणि समोर बघितलं.

चौकटीतली बायको पिवळ्या माउंटात अडकली होती. इतरांच्या चौकटी तिनं सांभाळल्या, तिची सांभाळायला कुणी नव्हतं. निदान एवढं तरी आज सुधारायचं म्हणून त्यानं फोटो उतरवला आणि दुकानात नेला. दोन नंबरचा एक ताव शिल्लक होता. चौकट उघडून त्यानं फोटो उत्तरेच्या खिडकीत धरला. उजेड उतरणीला लागला होता, पण पुरेसा होता. त्यानं कडेचा कोरा कागद बघितला. निळसर पांढरा, लख्ख. आणि त्या लख्ख कागदाच्या शेजारी त्याला तिचे डोळे दिसले.

ती सकाळ तो पार विसरून गेला होता. लक्षात ठेवावं असं तीत काही नव्हतं. याच खिडकीपाशी, साडेदहाच्या सुमाराला, ती हात पुसत आली होती. "अहो, जरा माझे डोळे बघता का? पिवळट वाटतात." त्यानं थाटात दिवा बंद केला होता. फोटो धरावा तशी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला होता, बोटानं खालची पापणी ओढली होती, डोळे बारीक करून नीट बघितलं होतं. "दुधासारखे पांढरे आहेत," त्यानं निकाल दिला होता. "पांढरं मला शिकवतेस?"

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "तुम्ही म्हणताय ना, मग झालं." आणि काच पुसायला गेली होती. त्याच आठवड्यात उंच बाईनं हा फोटो काढला होता.

त्याचे डोळे गेलेत हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. मग तिनं त्यालाच का विचारलं? आपण होऊन डॉक्टरकडे गेली असती तर त्याचा निकाल खोटा ठरला असता, म्हणून गेली नाही? की तिला कुणाकडून तरी 'पांढरे' एवढंच ऐकायचं होतं? हे आता कुणाला विचारणार होता तो?

त्यानं कडी घेतली आणि फोटोतल्या तिच्या डोळ्याच्या पांढऱ्याला पट्टी भिडवली. एक नंबर. नाही. दोन. नाही. तीन. चार. पाच नंबरपाशी रेघ मिटली.

त्यानं उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यानं ती सुखरूप होती, डोळे दुधासारखे. त्यानं हात काढला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्याची तारीख मिळते आहे, घेऊन टाकू का, असं ती विचारत होती.

"तू आलीस ना त्या दिवशी," तो म्हणाला, "आईला न्यायला. तुला कुठून दिसलं?"

"काय, बाबा?"

"तिचे डोळे. जवळ गेल्यावर दिसलं, की आधी?"

"दारातूनच दिसलं, बाबा."

"दारातूनच," तो म्हणाला. दोन नंबरचा ताव पुढ्यात तसाच पडला होता. बाहेर अंधार पडत आला होता आणि त्यानं अजून दिवा लावला नव्हता.